पोरं स्वतंत्र, टार्गेट कंपनीचं

जाहिरातीत ‘मॅनेजमेंट ट्रेनी, अनुभवाची अट नाही’ असतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजमेंटच्या खांद्यावर वॉटर फिल्टरची बॅग आणि पुढ्यात लिफ्ट नसलेल्या इमारतीचा जिना येतो. पगार नाही, कमिशन. माल खपला नाही तर बसभाडंही पदरचं. थेट विक्रीचे २०२१ चे केंद्रीय नियम विक्रेत्याला नोकर नव्हे, कंपनीशी बरोबरीच्या नात्याने करार करणारा व्यावसायिक मानतात. बरोबरीच्या माणसाने किमान वेतन कोणाकडे मागायचं? तेच नियम सांगतात, ओळखपत्र आणि आगाऊ परवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. टार्गेट मात्र परवानगीची वाट बघत नाही, आणि वॉचमनशी हुज्जत घालायला साहेब येत नाहीत.

कोणी म्हणेल, विक्री हा इमानदारीचा धंदा आहे, दारोदार फिरूनच माणूस घडतो. मान्य. मग जाहिरातीत ‘दारोदार फिरावं लागेल’ असं छापायला लाज कसली? शिवाय घडलेल्या माणसाला बढती मिळते ती बहुधा आणखी पोरं भरती करण्याची. फिल्टर विकला जावो न जावो, बेकारी आहे तोवर या धंद्याला कच्चा माल कमी पडणार नाही.