अजिंठ्याच्या नकला आणि आगीचं साटंलोटं

वहिनी, आपल्या छत्तीसगढातल्या हथखोजला एवढ्या भट्ट्या पेटतात, पण अजिंठ्याच्या नकलांइतकं आगीशी साटंलोटं कुणाचं नसेल हो!

सुरुवात त्या मेजर रॉबर्ट गिलची. 1844 मध्ये कंपनी सरकारने त्याला लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायला धाडलं. गडी गेला तो तिथलाच झाला. (तिथल्याच पारोवर त्याचा जीव जडला, ते प्रकरण तुम्हाला ठाऊकच आहे, कवी महानोरांनी त्यावर अख्खं काव्य लिहिलंय, मी काय वेगळं सांगू?) वर्षानुवर्षं खपून मोठमोठे कॅनव्हास रंगवले, विलायतेला पाठवले, आणि 1866 च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग! हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचले.

लोक शहाणे झाले असतील म्हणता? छे! 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांची पलटण घेऊन लेण्यांत हजर. मध्ये खंड पडत 1885 पर्यंत तीनशेच्या आसपास नकला झाल्या. पाठवल्या कुठे, तर पुन्हा लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. त्याच 1885 ला तिथेही जाळ, बरीच चित्रं खलास. जपानी चित्रकार अराई कांपोने आपल्या अजिंठ्याच्या नकला टोकियोला नेल्या, त्या 1923 च्या भूकंपात गेल्या. एवढं होऊनही कुणी सत्यनारायण घातला नाही!

पण खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. अंधारात रंग नीट दिसावेत म्हणून या मंडळींनी मूळ भिंतीलाच व्हार्निश फासलं! गिलनेही आणि ग्रिफिथ्सनेही. नवरीचा फोटो झळकावा म्हणून नवरीलाच तेलात बुडवायचं, यातलाच प्रकार. पुढे व्हार्निश पिवळं पडलं, पोपडे सुटले, बरोबर रंगही घेऊन गेले.

नक्कल करावी तर अशी: तिकडे इजिप्तमध्ये नीना डेव्हिस बाईंनी थीब्जच्या थडग्यांत बसून टेम्परा रंगांत नकला केल्या. भिंतीची खपली उडालेली असली तर कागदावरही उडालेली खपलीच रंगवायची, पदरचं काही घालायचं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने अशा नकलांना स्वतंत्र दालन दिलंय, आहात कुठे!

पण व्हार्निश फासलं म्हणून ग्रिफिथ्सला शिव्या घालायचीही सोय नाही. भिंतीवरून पुसलं गेलेलं काहीबाही आता त्याच्याच उरलेल्या नकलांत बघावं लागतं.

आपलं छत्तीसगढही सुटलं नाही बरं का. अजिंठ्याच्या नकला करायला आलेल्या लेडी हेरिंगहॅमबरोबर तिथे हात बसलेले चित्रकार असितकुमार हालदार 1914 मध्ये सरगुज्यात, रामगढच्या डोंगरावर, जोगीमारा गुहेची चित्रं उतरवायला हजर! चटकच ती.

त्यातल्या त्यात अलीकडची खबर तर ऐकाच. 2013 मध्ये अजिंठ्याच्या पायथ्याशी अभ्यागत केंद्र झालं. 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती, सगळा थाटमाट. काही वर्षांत तेही बंद. नाही हो, आग नाही लागली. वीज-पाण्याची बिलं थकली होती!