मोटर लावायची नाही!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांचा ७२ तासांचा संप जाहीर झाला, तेव्हा अमरावतीत सगळ्यांत जय्यत तयारी कोणाची होती असं विचारलंत, तर आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही माझ्या घराकडे बोट दाखवील. ३ तारखेच्या संध्याकाळी मी टाकी, पिंप, बादल्या, हंडे, कळश्या, दोन्ही प्रेशर कुकर आणि एक फुलदाणी पाण्यानं भरून ठेवली, मिक्सर बंद पडायच्या आत जवसाची चटणी करून घ्यायला लावली, चक्कीवरून अर्धं पोतं गहू दळून आणले, मेणबत्त्या आणल्या, घरी आल्यावर काडेपेटी नाही म्हणून परत गेलो, आणि रात्री बाराला सगळ्यांना जागं ठेवून ट्यूबलाईटकडे बघत बसलो. ती गेली नाही. दुसऱ्याच दिवशी मुंबईत उपमुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि संप मागे घेतला गेला. आम्ही पुढे कितीतरी दिवस कुकरमधलं पाणी पीत होतो.

तेव्हापासून घरात कसलीही पूर्वतयारी करायला मला बंदी होती. ती उठली मे २०२४ मध्ये. त्या महिन्यात पारा ४५ च्या वर जाऊन बसला होता, आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी २५ ते ३१ मे असं कलम १४४ लावलं. दंगलीसाठी नव्हे, उन्हासाठी. (माझा साळा अकोल्याचा. ऊन अमरावतीचं कडक की अकोल्याचं, यावर आमची लग्नापासून जुंपलेली असते. सरकारनं त्याच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा त्यानं मला मुद्दाम फोन करून सांगितलं.) त्याच्या थोडंसं आधी एका मध्यरात्री आमच्या गल्लीतली लाईन गेली. वऱ्हाडात मे महिन्यात कूलर बंद पडला की झोप, भूक आणि माणुसकी या क्रमानं जातात. आम्ही गच्चीवर गेलो, तर स्लॅब दिवसभराचं ऊन व्याजासकट परत करत होता. आई म्हणाली, ‘‘तुह्या त्या मेणबत्त्या आन बरं.’’ कपाट उघडलं. सगळ्या मेणबत्त्या वितळून त्यांची एकच जाडजूड मेणबत्ती झाली होती, तीही आडवी.

‘‘आपल्याकडे इन्व्हर्टर आहे ना हो?’’ बायकोनं विचारलं. इन्व्हर्टर होता. त्याच्या बॅटरीत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर टाकायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून ‘होता’ असंच म्हणायला पाहिजे. पहाटे लाईनमन आला, ‘‘डीओचा फ्यूज गेला व्हता’’ एवढंच बोलून खांबाखाली उभा राहिला, लांब काठीनं वर काहीतरी खटखट केली आणि कूलर सुरू झाला. मी मात्र तेवढ्यात जनरेटर घ्यायचं ठरवून टाकलं होतं. आता गंमत बघा, आमच्या एका बाजूला नांदगाव पेठेत १३५० मेगावॉटचा वीज प्रकल्प, दुसऱ्या बाजूला अकोला जिल्ह्यात पारसला ५०० मेगावॉटचा, आणि मधे राहणारा हा गृहस्थ दोन-तीन किलोवॉटची स्वतंत्र व्यवस्था करायला निघालेला.

राजकमल चौकाजवळच्या दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘भाऊ, लोड किती हाय?’’

‘‘घरचाच आहे.’’

‘‘घरचाच म्हंजे किती?’’

भारनियमनाच्या काळात याच चौकात दुकानादुकानापुढे फुटपाथवर जनरेटर धडधडत असायचे, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवलेले, आणि त्या धुरातून डोळे चोळत आपण साडी, चप्पल, जे काय असेल ते घ्यायचो. पण त्यातल्या एकाही जनरेटरनं माझा लोड विचारलेला नव्हता. घरी येऊन वीजबिलाच्या मागच्या बाजूवर यादी केली. अत्यावश्यक तेवढंच, असं बजावून प्रत्येकाला विचारलं. पंखे, ७५ वॉटचा एक, असे चार. बल्ब ९ वॉटचे, ते काय, खिसगणतीतही नाहीत. दोन कूलर मिळून ४००. फ्रीज, कारण आंब्याचा रस. राउटर, कारण मुलगी. टीव्ही, कारण आईची मालिका, आणि ‘‘नाही चालला तं राहू दे, मी काय आज हाय उद्या नाही’’ असं ती म्हणाल्यावर टीव्ही यादीत सगळ्यांत वर गेला. मिक्सर ५००. देवघरातला लाल दिवा वगळायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी बायको म्हणाली, ‘‘आणि मोटर?’’ बोअरची, एक हॉर्सपॉवरची. म्हणजे कागदावर ७४६ वॉट, पण ओढते हजाराच्या वर. बेरीज अडीच हजारांच्या पुढे गेली, आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात बिनमहत्त्वाची अशी वस्तू एकच आहे. ती विजेवर चालत नाही, चहावर चालते.

शेजारी एक काका आहेत, लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी माझी योजना सांगितली. जनरेटर जिन्याखाली ठेवायचा, दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर करायची, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं हॉलमधल्या प्लगात. सगळं घर उजळतं, वायरिंगचा खर्च नाही. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

‘‘अन् खांबावर चढेल पोट्टा मेला म्हंजे?’’

मग त्यांनी सांगितलं. घराचं मेन स्विच चालू असताना असा उलटा करंट सोडला, की तो मीटरमधून बाहेर पडून डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातो, आणि डीपी त्याचे २३० व्होल्टचे ११ हजार करून वरच्या तारेत सोडते. लाईन बंद आहे म्हणून बिचारा लाईनमन वर हात घालतो. म्हणून आधी चेंजओव्हर स्विच बसवायचा, एका वेळी एकच बाजू जोडली जाईल असा. ‘‘आन् जिन्याखाली ठेवसान तं लाईनमनच्या आधी तुमीच जासान,’’ ते म्हणाले. पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नाही. बंद जागेत तो झोपेतच माणसाला नेतो. मी जिन्याखालची जागा झाडून घेतली होती. तिथे आता पुन्हा सायकल ठेवली आहे.

जनरेटर अकोल्यात स्वस्त मिळतो, असं साळ्याचं म्हणणं पडलं. अमरावती-अकोला रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची एक पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीजमध्ये नाव लागलं. तेवढ्या वेळात मला दोन केव्हीए की तीन, एवढंही ठरवता आलं नव्हतं. मूर्तिजापूर येईपर्यंत दोन, मूर्तिजापूरच्या चहानंतर तीन, आणि अकोल्यात शिरताना मी सोलरकडे वळलो होतो.

अकोल्याचा दुकानदार शांत माणूस होता. केव्हीएला ०.८ नं गुणलं की साधारण किलोवॉट येतात, हे त्यानं मला माझ्याच बिलाच्या कागदावर करून दाखवलं. ‘‘आन् हे मोटर कापा. मोटर सुरू व्हताना तिप्पट-चौपट वढते भाऊ. ते धरली तं पाच केव्हीए लागन. नाही धरली तं दोनात मजेत राहसान.’’ मी जड हातानं मोटर कापली. मग त्यानं एक संच बाहेर ओट्यावर आणून ठेवला. चाळीसेक किलोचं ते धूड दोघांनी उचलून आणलं, आणि वर ‘‘कुठंई नेता येते’’ असं मला सांगितलं. दुकानातल्या पोट्ट्याचा दंड माझ्या मनगटाएवढा असेल. त्यानं कॉक उघडला, चोक ओढला, दोरी अडकेपर्यंत हळूच खेचली, मग एक झटका दिला. सुरू.

‘‘आता तुमी करून पाहा.’’

मी पाहिलं. पहिल्या झटक्याला दोरी सुटली आणि मी मागच्या मागे कूलरच्या रचलेल्या ताट्यांवर बसलो. पुढच्या झटक्यांना चष्मा गेला, शर्टचं बटण गेलं, खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं, आणि जनरेटर ढिम्म. रस्त्यावरचे लोक सावली सोडून बघायला उभे राहिले. कोणी ‘‘चोक पाहा बॉ’’ म्हणे, कोणी ‘‘नाही जमत त्याइले’’ म्हणे. पाचाचे दहा झाले. साळा कासावीस होऊन माझ्या कानाशी आला.

‘‘भाऊजी, आवरा. एकशेचव्वेचाळीस लागेल हाय.’’

दोन केव्हीए घेतला. घरी चेंजओव्हर बसला, अंगणात पत्र्याखाली जागा झाली, स्विचच्या वर मी स्केचपेननं ‘मोटर लावायची नाही’ असं लिहून चिकटवलं. राहिलं पेट्रोल. पंपावर प्लास्टिकचा डबा पुढे केला, तर पोरानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाव पेटवायला निघालोय. सुटं पेट्रोल मिळत नाही. म्हणून मी स्कूटीची टाकी काठोकाठ भरून घरी आलो आणि नळी तोंडात धरून तेच पेट्रोल काढलं. त्या दिवशी जेवणात वांग्याची भाजी आणि रोडगे होते, असं घरचे सांगतात. मला सगळं एकाच चवीचं लागलं.

जूनच्या पहिल्या वादळात झाड पडलं आणि गल्ली अंधारात गेली. याच घटकेची मी वाट पाहत होतो. दोरी ओढली, ओढली, काकांनी कॉक उघडून दिला, मग ओढली, आणि सुरू! गल्लीतल्या एकमेव उजेडाच्या घराचा मालक म्हणून मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. लोक आले. चार्जर आले, एक्स्टेन्शन बोर्ड आले, समोरच्या वहिनी इडलीचं भिजवलेलं घेऊन मिक्सरसाठी आल्या. सगळ्यांना चहा झाला. चहाला पाणी गेलं, पेले विसळायला गेलं, टाकी तळाला लागली, आणि आईनं सवयीनं आत जाऊन बटण दाबलं. स्केचपेनचं अक्षर तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. जनरेटरनं एक उसासा टाकला, बल्ब मिणमिणले, आणि गल्लीनं एकसुरात ‘‘अरेरेरे’’ केलं. मी पुन्हा दोरी धरली, तेवढ्यात लाईन आली.

त्यानंतर जनरेटर मी फारसा वापरला नाही. म्हणजे वापर झाला, पण दुसऱ्यांकडे. कोणाच्या साखरपुड्याला गेला, कोणाच्या तेरवीला गेला. तिथले पोट्टे तो एका झटक्यात सुरू करतात. भाद्रपदात गल्लीच्या गणेश मंडळाची पोरं वर्गणीला आली. मी पाकीट काढलं, तर अध्यक्ष म्हणाला, ‘‘काका, तुमची धरली,’’ आणि पावती फाडून हातात दिली. नाव बरोबर होतं. रुपयांच्या जागी ‘जनरेटर’ लिहिलं होतं, आणि पुढे कंसात, ‘पेट्रोलसह’.