मधलं कोटेशन

छोट्या कंपनीत सर्व्हर घ्यायचा तर तीन कोटेशनं मागवायची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. तिच्यामुळे स्पर्धा होते, भाव उतरतो आणि निर्णय विचारपूर्वक घेतल्याचा पुरावा फायलीत राहतो. भोसरीतल्या आमच्या बारा माणसांच्या प्रायव्हेट लिमिटेडनेही तीन मागवली. तिन्ही वेगवेगळ्या लेटरहेडवर आली, एकाच दुपारी आली आणि तिन्हींत जीएसटीच्या ओळीखाली तीच बेरीज चुकलेली होती. स्वस्त कोटेशन पाहून शंका यावी, महाग पाहून घाम फुटावा आणि मधलं पाहून हायसं वाटावं, अशी त्यांची रचना होती. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला काढता येत असल्यामुळे ऑफिसात मी या विषयातला तज्ज्ञ समजला जातो. त्या अधिकारात काही बारीकसारीक तक्रारी नोंदवून ठेवतो.

पहिली तक्रार प्रश्नांची. आमचं काम म्हणजे टॅली, एक्सेल, गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आणि स्कॅन केलेली चलनं. हे सगळं मिळून मालकांच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी जागेत मावतं. सप्लायरने बजेट विचारलं, चेक कुणाच्या सहीने निघतो हे विचारलं, दिवाळीपूर्वी घेणार का हेही विचारलं. तुमचं काम काय, एवढं मात्र विचारलं नाही. विचारलं तर एखादा बरा डेस्कटॉप पुरेल असं उत्तर निघण्याचा धोका असतो.

मधल्या कोटेशनमध्ये वन-यू सर्व्हर होता. वन-यू म्हणजे पावणेदोन इंच जाडीचा, रॅकमध्ये आडवा सरकवायचा डबा. आमच्याकडे रॅक नाही. आमच्याकडे गोदरेजचं कपाट आहे. इतक्या बारीक डब्यात पंखेही चार सेंटिमीटरचेच बसतात आणि हवा खेळती ठेवायची तर त्यांना मिनिटाला हजारो फेरे मारावे लागतात. त्याचा आवाज मी एका ओळखीच्या ऑफिसात ऐकला आहे. तिथली माणसं फोनवर बोलायला जिन्यात जातात. त्याच ताकदीचा उभा टॉवर सर्व्हर मिळतो, तो टेबलाखाली राहतो आणि ऑफिसात बोलता येतं. पण टॉवर दिसायला साध्या कॉम्प्युटरसारखा असतो. सप्लायरच्या मते एवढे पैसे खर्चून तसं दिसणं बरं नव्हे.

रॅमबद्दल तक्रार नाही, थोडी खंत आहे. सर्व्हरच्या रॅमला ईसीसी असतं. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला तर ते ओळखून जागच्या जागी दुरुस्त करतं. दोन बिट उलटले तर दुरुस्त होत नाही, पण निदान ओरडतं. आमच्या वह्यांत आजवर जे उलटलं ते ५४ चं ४५ असं उलटलं, आणि त्यावर अजून रॅम निघालेली नाही.

मग रेड. एक टीबीच्या दोन डिस्क आरशासारख्या जोडायच्या; एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. अकाउंटच्या मॅडमनी हिशेब पाहिला. दोन टीबीचे पैसे द्यायचे आणि दिसणार ९३१ जीबी. अर्धी जागा आरशात जाते आणि उरलेली तूट कंपन्यांचा टीबी हजाराच्या पटीत नि विंडोजचा १०२४ च्या पटीत असल्यामुळे पडते, हे मी समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ‘म्हणजे तूट कोणत्या खात्याला टाकू?’ त्यांना हेही सांगायचं राहिलं की आरसा प्रामाणिक असतो. एका डिस्कवरची फाइल चुकून पुसली, तर दुसरीवरची तो त्याच क्षणी पुसतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हाही कुलूपबंद झालेल्या फायली रेडने तितक्याच निष्ठेने दोन्हीकडे ठेवल्या असणार.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज सर्व्हरची स्टँडर्ड आवृत्ती प्रोसेसरमधल्या कोअरच्या हिशेबाने मिळते. कोअर आठ असले तरी पैसे किमान सोळाचे. यात वावगं काही नाही. मंगल कार्यालयातही ऐंशी पाहुणे आले तरी दोनशे ताटांचे द्यावे लागतात. फरक इतकाच की कार्यालयात ताटाचे पैसे भरल्यावर पाहुण्याला जेवायला बसू देतात. इथे पंक्तीत बसायचा परवाना निराळा. त्याला कॅल म्हणतात आणि तो माणसाच्या किंवा मशिनच्या हिशेबाने घेता येतो. गोडाऊनमध्ये एका कॉम्प्युटरवर पाळीपाळीने तिघं बसतात, तिथे मशिनचा परवडतो. मालकांकडे डेस्कटॉप, लॅपटॉप आणि टॅब आहे, तिथे माणसाचा. घरून रिमोट डेस्कटॉपने यायचं असेल तर त्याचा कॅल आणखी वेगळा. तो दक्षिणेत धरावा.

गंमत म्हणजे पंचवीस माणसं आणि पन्नास मशिनपर्यंतच्या धंद्यासाठी विंडोज सर्व्हरची इसेन्शियल्स नावाची आवृत्ती आहे. एक प्रोसेसर, जास्तीत जास्त दहा कोअर एवढी मर्यादा पाळली की पंक्तीचे हे कॅल लागत नाहीत. ती तिन्ही कोटेशनांत नव्हती. विचारल्यावर सप्लायर म्हणाला, ‘सर, ते फारसं कुणी घेत नाही.’ कुणी घेत नाही म्हणून कोटेशनमध्ये नाही की कोटेशनमध्ये नाही म्हणून कुणी घेत नाही, हे मी त्याला विचारलं नाही. साध्या विंडोज ११ प्रोवरही वीस मशिनपर्यंत फायली वाटून घ्यायची मुभा आहे, हेही मग बोललो नाही. माणूस चहा पीत होता.

मालकांचा भाचा बंगळुरूला असतो. त्याचं म्हणणं, ‘मामा, लिनक्स टाका, फुकट आहे.’ खरं आहे. त्याच्या ऑफिसात लिनक्स सांभाळायला जी माणसं आहेत, फक्त ती फुकट नाहीत. टॅली विंडोजवर चालतं, पण डेटा लिनक्सवर ठेवून सांबामार्फत सगळ्यांना देता येतो, हेही खरं. सांबा १९९२ पासून हेच काम करतो आहे. अडचण निवडीची आहे. सेंटओएस ८ हे फुकटचं लिनक्स सप्टेंबर २०१९ मध्ये आलं तेव्हा २०२९ पर्यंतची हमी होती. डिसेंबर २०२० मध्ये कळवण्यात आलं की २०२१ च्या अखेरीस आटोपणार आहे. लोकांनी तक्रार केली, पण फुकटच्या वस्तूला बिल नसतं आणि बिलाशिवाय तक्रार नोंदवत नाहीत. त्यातून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स निघाली, म्हणजे एकाच्या जागी दोन निवडी झाल्या. डेबियन किंवा उबंटूची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती, घ्यावी तर भाचा म्हणतो, ‘घ्या की, माझ्याशी फोनवर बोला.’ तो फोन रात्री अकरानंतर उचलतो.

विंडोजचं तसं नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा अंत निदान आधी छापलेल्या तारखेला होतो. आमच्या सध्याच्या सर्व्हरवर २०१२ आर२ आहे. त्याचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. मी मालकांना तसं सांगितलं. ते उठले, कपाटाकडे गेले, हिरवा दिवा पाहून आले आणि म्हणाले, ‘चालू तर आहे.’

वॉरंटी तीन वर्षांची, पुढच्या कामाच्या दिवशी इंजिनिअर जागेवर. आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सप्लायरची रविवारी. बुधवारी संध्याकाळी डिस्क गेली तर पुढचा कामाचा दिवस गुरुवार. त्या दिवशी इंजिनिअर येईल, बंद शटरचा फोटो काढील आणि ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’ लिहून कॉल बंद करील. गुरुवारी वीजही दुरुस्तीसाठी जाते, म्हणून दोन पॉवर सप्लाय असलेलं मॉडेल सुचवलं आहे. एक जळला तर दुसरा सांभाळतो. दोन्हींच्या वायरी कुठे जोडायच्या हे सप्लायरने स्वतः दाखवलं: एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, जिथे पाण्याच्या कूलरचीही पिन आहे.

शेवटी मधलं कोटेशन मंजूर झालं. पंखे दोन, डिस्क दोन, पॉवर सप्लाय दोन. एक पडला तर दुसरा उभा राहावा अशी प्रत्येक गोष्टीची सोय आहे. कंपन्यांना हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, म्हणून तोही विषय मीटिंगमध्ये निघाला. सध्या बॅकअप पेनड्राइव्हवर असतो आणि पेनड्राइव्ह गणपतीच्या फोटोमागे. तो भारतात आहे याबद्दल दुमत झालं नाही. त्यावरून डेटा परत आणून कुणी पाहिलाय का, असं मी विचारलं. मॅडमनी सप्लायरकडे पाहिलं, सप्लायरने एएमसीच्या अटींकडे आणि मालकांनी घड्याळाकडे. हे काम कुणाच्या नावावर टाकायचं यावर बरीच चर्चा झाली. ठराव मीच लिहून घेतला आहे: ‘बॅकअपवर सर्वांनी लक्ष ठेवावे.’