ति. नानांस पत्र : विजेचा तंबोरा, रचना व उपद्रव

विजेचा तंबोरा म्हणजे भोपळा नसलेला तंबोरा. प्रस्तुत नमुना न्यू जर्सीतील एडिसन गावी, गाडी बर्फात उभी करून मोकळ्या केलेल्या गराजमध्ये तयार झाला. भोपळ्याविना तंबोरा म्हणजे काठीला बांधलेल्या तारा, असा आक्षेप आपल्याकडून मिरजेहून फोनवर घेण्यात आला होता. तो शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. लेस पॉल यांनी 1940 च्या सुमारास लाकडी ठोकळ्यावर गिटारच्या तारा ताणल्या, पण ऐकणाऱ्यांना ती गिटार वाटेना. मग दोन्ही बाजूंना गिटारचे अर्धे-अर्धे पोट त्यांनी नुसते शोभेला जोडले. त्याच न्यायाने या तंबोऱ्याला हॅलोविननंतर स्वस्तात मिळालेला प्लास्टिकचा अर्धा भोपळा लावला आहे. त्यावरचे दात खरवडून काढले आहेत.

पोटाचे काम येथे पिकअप करतो. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण वीज उपजते. फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवले ते हेच. पुढे अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो. फेरे सात-आठ हजार लागतात. ते मोजायला मुक्कामी आलेल्या आजींची जपमाळ कामी आली : एक फेरा, एक मणी, 70 माळांचे 7,560 फेरे. एकदा 41 व्या माळेला तार तुटली. त्या माळांचे पुण्य जमा धरावे का, याचा निर्णय आजींनी राखून ठेवला आहे.

एकेरी वेटोळे घरातल्या विजेची गुणगुणही पकडते. अमेरिकेतील वीज सेकंदाला 60 आवर्तने घेते, भारतातील 50. प्रमाण 6:5, म्हणजे मिरजेची गुणगुण षड्ज मानली तर एडिसनची कोमल गंधार ठरते. यमन गाणाऱ्यांनी सावध असावे. उपाय म्हणून पिकअपची खोबण धातूने मढवून अर्थला जोडतात. येथे पोळ्या गुंडाळायचा फॉइल वापरला. अ‍ॅल्युमिनियमला कथलाचा डाग सहजी बसत नाही, म्हणून वायर स्क्रूखाली दाबली. पोळ्या दोन दिवस रुमालातून ऑफिसला गेल्या.

जवारी मात्र विजेने सुटत नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिला घासत थरथरते, आणि खाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा सापडली की स्वर उघडतो. गिटारच्या घोडीवर तार एकाच बिंदूवर टेकते, त्यामुळे हा झणत्कार निघत नाही. गराजमध्ये कानशीने तीन घोड्या घासून झाल्या. पहिली गिटारसारखी वाजली, दुसरी डासासारखी. तिसरी बरी वाजली, पण ओल्या हवेत तीही डासाकडे झुकते.

राहिला खर्ज. त्याची तार रिवाजाने पितळी. पितळ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे तीन तारा बोलत होत्या आणि खर्ज मौनात. कारण कळेपर्यंत दीड तास वायरी तपासण्यात आणि एकमेकांना दोष देण्यात गेला. आता तेथे पोलादी गाभ्यावर निकेल गुंडाळलेली गिटारची जाड तार आहे.

सबब मिरजेहून येणाऱ्या पार्सलात जवारी काढलेली घोडी एक आणि तारा जुळवायचे मणी चार असावेत. पितळी तार नको.