'शंभर जादुई आज्ञां'च्या जनकास, पाचोडहून सादर

परमपूज्य आज्ञागुरू महाराज यांचे चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण मला ओळखत नाही. मी पाचोडचा, तालुका पैठण, मोसंबीवाला. आपल्याला न ओळखणारं मात्र आमच्याकडे कोणी उरलेलं नाही. मोसंबी मार्केटात लिलाव सुरू व्हायच्या आधी पिकअपला पाठ टेकून बसलेली पोरं आपलीच रील बघत असतात. 'एआयला साधा प्रश्न विचारू नका, हे चार शब्द टाका आणि जादू बघा!' एवढ्या लांबून, एवढ्या तळमळीनं, तीस सेकंदांत आपण आमचं भलं करता. हे पत्र त्या उपकारांची पोच म्हणून समजावं.

पहिले आभार आपल्या पीडीएफचे. किंमत फक्त ९९ रुपये, आज्ञा शंभर. गावात एकानं विकत घेतली आणि ग्रुपवर टाकली, तेवढी क्षमा असावी. आता सातवी नापास माणूसही 'ॲक्ट ॲज' (अमुक म्हणून वाग), 'टीएलडीआर' (थोडक्यात सांग), 'ईएलआय फाइव्ह' (पाच वर्षांच्या पोराला सांगावं तसं सांग) असं स्पेलिंगसकट पाठ म्हणतो. माणसाला मराठी येतं, त्या यंत्रालाही मराठी समजतं. दोघांच्या मधे आपण इंग्रजीचा टोलनाका उभा केलात आणि पावती फाडलीत. धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या गावाला टोलचं नवल नाही, पण 'थोडक्यात सांग' एवढं म्हणायला पैसे पडतात हे आपल्यामुळेच कळलं.

हे मंत्र आपण रात्र-रात्र जागून शोधलेत, असं आपण सांगता. आपल्या जागरणाला वंदन. ओपनएआयच्या संशोधकांनी २०१९ साली जीपीटी-२ या मॉडेलला लेखाच्या शेवटी 'टीएलडीआर' ही अक्षरं जोडून सारांश काढायला लावला होता. ते त्यांनी स्वतःच्या निबंधात छापलं, कोणालाही फुकट वाचता यावं म्हणून. त्याचे सारांश फार चांगले उतरले नाहीत, हेही त्यांनी तिथंच लिहिलं. आपल्या पीडीएफमध्ये ते वाक्य जागेअभावी राहिलं असावं.

'स्टेप बाय स्टेप' या आज्ञेला आपण ब्रह्मास्त्र म्हणता. इथं मात्र मी मनापासून मान डोलावतो, कारण ती गोष्ट खरी आहे. टोकियो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की प्रश्नाला 'चला, पायरी पायरीनं विचार करू' एवढं वाक्य जोडलं तर शाळकरी गणितांच्या एका संचात मॉडेलची बरोबर उत्तरं १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर गेली. का गेली, ते आपण सांगितलं नाहीत. असं मॉडेल एकामागून एक शब्द ठरवत जातं. आधी लिहिलेली पायरी पुढच्या पायरीला आधार देते. म्हणजे त्याला लिहायला जागा मिळाली, म्हणून उत्तर सुधारलं. पुढं आलेली कित्येक मॉडेलं अशा पायऱ्या न सांगताही करतात.

आणि आपण काय केलंत, महाराज? त्याच पानावर, त्याच आज्ञेखाली छापलंत: 'स्टेप बाय स्टेप + एका ओळीत + सूचना नकोत = परफेक्ट उत्तर.' आधी पायऱ्या बांधायला सांगायच्या आणि लगेच जिना काढून घ्यायचा. ही अधिकची चिन्हं ज्या हातानं टाकलीत, त्या हाताचे आभार कसे मानावेत?

'वीस वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ म्हणून वाग' ही आपली सर्वांत लाडकी आज्ञा. अमेरिकेतल्या संशोधकांनी १६२ भूमिका आणि २,४१० माहितीचे प्रश्न घेऊन हेच तपासलं. भूमिका दिल्यानं उत्तरं अधिक बरोबर येतात असं काही त्यांना आढळलं नाही. बदलतो तो आवाज. आधी जे जरा चाचरत सांगितलं असतं, ते आता छाती पुढं काढून सांगितलं जातं. आमच्यासारख्याला तर आवाजावरूनच माणूस पारखायची सवय. त्या सवयीचा आपण फार नेमका उपयोग करून घेतलात.

आता घरचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या बागेत झाडांच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला. डिंक्या. बाग आता पुतण्या बघतो, मनापासून बघतो. त्यानं आपल्या पीडीएफबरहुकूम टाईप केलं: 'ॲक्ट ॲज मोसंबी तज्ज्ञ. बोर्डो मिश्रण, प्रमाण. एका ओळीत. सूचना नकोत.' क्षणात उत्तर आलं: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. त्या ओळीत चूक काढून दाखवा! एक टक्क्याचा बोर्डो असाच होतो.

फक्त घरातला चुना जुना होता. पोतं फुटलेलं, पावसाळी हवेत विरलेला. असा चुना मोरचुदाची आम्लता पुरती मारत नाही. म्हणून मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर अजून चुन्याची निवळी ओतायची आणि पुन्हा बघायचं. पातं स्वच्छ निघालं तरच फवारायचं. मिश्रण लोखंडाच्या भांड्यात करायचं नाही, उद्यावर ठेवायचं नाही.

हे सगळं त्या यंत्राला ठाऊक होतं. पुतण्यानं नंतर साध्या मराठीत 'माझ्याकडचा चुना जुना आहे, चालेल का' असं विचारलं, तेव्हा त्यानं विळ्याची परीक्षा आपणहून सांगितली. पण तोवर फवारणी होऊन कोवळी पालवी करपून वाटीसारखी वळली होती. ही झाडं आम्ही २०१२ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेली. आजूबाजूला लोक वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवत होते, तेव्हा कर्ज काढून पाणी घातलेली. आपल्या 'सूचना नकोत' या दोन शब्दांनी नेमकी तीच सूचना कापली जी हवी होती. इतकी अचूक छाटणी आमच्याकडच्या जुन्या माळ्यालाही साधली नसती.

फळगळीच्या प्रश्नावरही आपली कृपा आहे. 'मोसंबी फळगळ, उपाय, वन लाइनर.' उत्तर येतं संजीवकाच्या फवारणीचं. काही बागांत ते लागूही पडतं. पण फळ गळायला कारणं किती! पाण्याचा ताण, काळ्या जमिनीत साचलेलं पाणी, बुरशी, फळमाशी, अन्नद्रव्यांची कमतरता. शेजारच्या बागेत गळलेल्या फळांना सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं आणि भोवती मऊ, तपकिरी डाग. आंबिया बहार, सप्टेंबर महिना. हे रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. तो अंधार पडल्यावर येतो. त्याच्यावर संजीवक कितीही फवारा, उपयोग नाही. पडलेली फळं गोळा करून पुरावी लागतात, संध्याकाळी बागेत धूर करावा लागतो आणि बांधावरची गुळवेल, वासनवेल काढावी लागते, कारण त्याची अळी त्या वेलींवर वाढते.

छिद्राचं त्या शेजाऱ्यानं यंत्राला सांगितलंच नव्हतं. सांगणार कसा? आपण बजावलंय ना, प्रश्न जेवढा छोटा तेवढं उत्तर भारी.

माझा सगळा राग इथं आहे, महाराज, आणि तो आता आभारात गुंडाळता येत नाही. आमच्या माणसाला बोलता येतं. पारावर बसला तर एका झाडाची कुंडली तासभर सांगेल: कलम कुठून आणलं, खुंट कोणता, ताण किती दिवस दिला, पाणी कधी सोडलं, कोणत्या ओळीत पानं आधी पिवळी पडली. यंत्राकडून चांगलं उत्तर काढायला लागतं ते हेच. त्याच्याकडे जगभराची माहिती असेल, पण त्यानं आमची बाग पाहिलेली नाही. ती पाहणारा एकच माणूस आहे आणि आपण त्याला मोबाईलसमोर मुका केलात. वर त्यालाच सांगितलंत की तुला विचारता येत नाही.

किसान कॉल सेंटरला फोन लावून बघावा. १८००-१८०-१५५१, २००४ पासून चालू आहे. पलीकडचा माणूस सल्ला देण्याआधी आपल्यालाच प्रश्न विचारतो. आमच्या गावात इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही आरोग्य संस्था गेली चार दशकं काम करते आहे. तिथल्या कार्यकर्त्या घरोघर फिरून आधी विचारपूस करतात, मग सल्ला देतात. आपल्या मते हा सगळा वेळेचा अपव्यय असणार.

तापाचंच घ्या. आपल्या तेविसाव्या आज्ञेचं उदाहरण आहे: 'मुलाला ताप, पॅरासिटामॉल किती, फक्त आकडा.' हा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. औषधाच्या बाटल्याही एकसारख्या नसतात. एकीच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध, दुसरीच्या ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. वजन नाही, बाटलीवरचं लेबल नाही, मूल किती महिन्यांचं ते नाही, आणि आकडा मात्र हवा. रात्री दोन वाजता घाबरलेल्या आईच्या हातात आपण हे दिलंत. यावर गोड शब्दांत लिहायला मला जमत नाही. ते पान आजच्या आज काढून टाका.

छोट्या आज्ञा निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाही. ग्रामपंचायतीचा अर्ज अर्ध्या पानात बसवायचा असेल, खताचा हिशोब तक्त्यात मांडायचा असेल, लेकराला प्रकाशसंश्लेषण सोप्या भाषेत समजावून हवं असेल, तर जरूर वापराव्यात. उत्तराला आकार द्यायला त्या कामी येतात. पण उत्तर खरं ठरतं ते आपण आत काय घातलं त्यावर. हा भेद सांगायला रीलमध्ये पाच सेकंद पुरले असते.

आता तर सरकारही या वाटेनं निघालं आहे. राज्यानं २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. 'महाविस्तार' ॲपवर शेतकरी मराठीतून प्रश्न विचारू शकतो. म्हणजे उद्या आपल्या शिष्यांची संख्या आणखी वाढणार आणि तेही तिथं जाऊन चारच शब्द टाकणार. बाग कोणाची जळेल ते आपल्याला कळायचंही नाही. व्ह्यूज मात्र कळतील.

म्हणून पदर पसरून एक मागणं आहे. पीडीएफ विकत घेणाऱ्यानं ९९ रुपये परत मागितलेले नाहीत, मीही मागत नाही. पुढची रील काढाल तेव्हा 'सूचना नकोत' ही आज्ञा मागे घेतली असं त्याच आवाजात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत सांगावं. तिच्या जागी हे द्यावं: 'आधी माझी सगळी हकिकत ऐक. काय कळलं नाही ते मला विचार. मग सांग, आणि चुकू शकेल अशी जागाही दाखव.' अक्षरं जरा जास्त आहेत, रीलच्या चौकटीत दोन ओळींत बसतील. विळ्याचंही त्यातच सांगितलंत तर बरं होईल. पावसाळा सरला की बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायची वेळ येते आणि तिलाही हाच चुना लागतो. रील त्याआधी पोचावी.

आपला कृपाभिलाषी,
पाचोडचा एक मोसंबीवाला