सोंगाला गाव असावं

शहाणा माणूस सोंगात फार गुंतत नाही. तमाशात शिपायाचं काम मिळालं की खाकी चढवायची, दंडुका बगलेत मारायचा, चार विनोद करून उतरायचं. हा शिपाई कुठल्या गावचा, त्याची बायको माहेरी का जाऊन बसली, सावकाराकडे त्याचं काय गहाण पडलंय, असल्या भानगडीत पडतो तो खुळा. या लेखात मी त्या खुळ्याची बाजू घेणार आहे, आणि ती मनापासून घेणार आहे.

पिंपळवंडीहून पुणे-नाशिक रस्त्यानं निघालं की थोड्याच वेळात नारायणगाव लागतं. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडमालक इथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी असं सगळं झालं की मग वग उभा राहतो. जुन्या वगाला लिहिलेली संवादवही नसायची. फडाचा सरदार गोष्टीचा सांगाडा सांगायचा: राजा असा, प्रधान कपटी, राणीवर आळ येतो, शेवटी न्याय होतो. मधलं सगळं बोलणं ज्यानं त्यानं बोर्डावर उभं राहून आयत्या वेळी आणायचं. पहिला वग म्हणून उमाजी सावळजकरांच्या ‘मोहना बटाव’चं नाव घेतात, साल १८६५. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच ही माणसं कागदाच्या आधाराशिवाय रात्र रात्र दुसऱ्याचं आयुष्य बोलू लागली होती.

कागद नसला की माणूस कशावर बोलतो? इथेच खुळ्याचं खूळ कामाला येतं. समजा, राजानं विचारलं, ‘‘हवालदार, काल रात्री पहाऱ्यावर का नव्हतास?’’ ज्याच्या शिपायाला मागचं-पुढचं काही नाही, तो एखादा शिळा विनोद काढणार. पण ज्यानं मनाशी ठरवलंय की आपला शिपाई पिंपळवंडीचा, दोन एकर कांदा, बाजार पडलेला, तो म्हणेल, ‘‘महाराज, बराखीवर राखण करत होतो. चोर आला, त्यानं कांद्याचा भाव विचारला आणि मलाच धा रुपये देऊन गेला.’’ कनातीतला अर्धा जमाव कांदेवालाच असतो. हशा तर येईलच, पण राजालाही आता पुढचा प्रश्न सापडतो: माझ्या राज्यात भाव पाडतो कोण? प्रधानाला घाम फोडायची सोय झाली. वग पाव तास पुढे सरकला, आणि तो कोणाच्या जिवावर? ज्या दोन एकरांचा सात-बारा कुठल्याच तलाठ्याकडे नाही, त्यांच्या जिवावर.

हे खूळ एकट्या तमाशातलं नाही. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती बसायचं, एकानं सूत्रधार होऊन प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्याच्या तोंडानं बोलायचं, आणि वार लागला की हुकला ते फाशांवर ठरवायचं. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही आता हा खेळ खेळणाऱ्या मंडळ्या आहेत. त्यातही खुळे आहेतच. आपल्या बुटक्या लोहाराचं बालपण, त्याच्या बापानं मोडलेला शब्द, हे सगळं पानंच्या पानं लिहून आणतात, आणि सोबतचे हसतात. मला त्या पानांबद्दल आदर आहे. फाशावर सहा पडले की दोन पडले हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. लोहारानं बापाचं नाव निघताच हातोडा खाली ठेवला, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

या खुळालाही शिस्त लागते. काही खेळाडू सोबत्यांचीच थैली मारतात, सगळ्यांचा बेत उधळतात आणि वर म्हणतात, ‘‘मी काय करू, माझं पात्रच तसं आहे!’’ ही पात्रनिष्ठा नव्हे, दांडगाई आहे. सोंगाड्याकडे बघा. तो राजाची यथेच्छ टिंगल करतो, पण राजाला उत्तर द्यायला जागा ठेवतो. गवळणीतला पेंद्या मावशीला छेडतो तो मावशीचं बोलणं फुलावं म्हणून. पूर्वायुष्य लिहावं तेही असंच, दुसऱ्याला आत शिरायला दार ठेवून. ज्या शिपायाला कर्ज आहे त्याला सावकार भेटू शकतो. ज्याला काहीच कमी नाही, त्याच्याशी कोण काय बोलणार?

सोंग टिकवण्यात समोरच्याचाही वाटा असतो. पोलिसाच्या वेषातला बहुरूपी दारात येतो, तुमच्या नावानं वॉरंट आहे म्हणून दरडावतो. हा बहुरूपी आहे हे घरातल्या पोराला कळतं, म्हातारीला तर केव्हाच कळलेलं असतं. तरी ती हात जोडते, ‘‘फौजदारसाहेब, एवढ्या डाव सोडा’’ म्हणते आणि सुपात धान्य आणते. तिनं ‘‘तू खोटा आहेस’’ म्हटलं असतं तर ती खरं तेच बोलली असती, आणि दोघांचाही खेळ तिथेच संपला असता.

पठ्ठे बापूरावांनी तर सोंग आणि आयुष्य यांच्यामधली कनातच काढून टाकली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात गेले, जातीचा मान आणि गावातली पत मागे टाकून. शहाण्यांनी त्यांना काय काय म्हटलं असेल ते सांगायला नको. महाराष्ट्रानं मात्र लक्षात ठेवलं ते नवं नाव.

आणि विठाबाई नारायणगावकर. भाऊ-बापू मांगांच्या फडात वाढलेली ही बाई १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेली. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही हकिगत तमाशाच्या मुलखात सगळ्यांना ठाऊक आहे. याला खूळ म्हणायची माझी प्राज्ञा नाही. त्यात फडाची भूक होती, सुपारीचा शब्द होता. पण हकिगतीचा पुढचा भाग लोक कमी सांगतात. त्यांचं पोट दिसेना म्हणून काय घडलं ते प्रेक्षकांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनीच खेळ थांबवून बाईंना विश्रांती घ्यायला लावली. सोंग कधी मोडायचं हे त्या रात्री प्रेक्षकांनी ठरवलं, आणि बरोबर ठरवलं.

आता वगाला वेळ उरत नाही. सिनेमाची गाणी लांबतात, आणि राजा बोर्डावर येईपर्यंत पुढच्या रांगा उठायला लागतात. म्हणून यात्रा कमिटीवाल्यांना माझं सांगणं आहे. यंदा राहुटीत सुपारी ठरवताना नाचणाऱ्या किती, लाइट केवढी, हे विचारून झालं की आणखी दोन गोष्टी विचारा: वग कोणता, आणि सोंगाड्या कोण? आणि फासे टाकणाऱ्या पोरांनो, एकदा या कनातीत तिकीट काढून बसा. वग संपेपर्यंत उठू नका. आणि जमलं तर त्या सोंगाड्याला गाठून विचारा, ‘‘तुमचा शिपाई कुठल्या गावचा?’’