आवक-जावक

तुमच्या सोसायटीत नाना नाहीत, असं मला सांगू नका. असतातच. नाव निराळं असेल, विंग निराळी असेल, नानांच्या जागी एखाद्या काकू असतील. पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर खरजेनं सोललेलं एक कुत्रं, त्याच्याशेजारी उकिडवा बसलेला एक साठीपुढचा माणूस, आणि आपण लिफ्टकडे सटकत असताना मागून आलेली हाक, "अहो, जरा पाय धरता का? माझे नव्हेत, याचे!" एवढं तर तुमच्याकडेही घडतच असणार.

आमचे नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. सगळी हयात आवक-जावक शाखेत गेली. निवृत्तीनंतर माणसं गच्चीत कुंड्या लावतात, नाही तर अमेरिकेत मुलाकडे जाऊन तिथल्या रस्त्यांचं कौतुक इथल्यांना ऐकवतात. नानांनी कुत्री सांभाळायला घेतली. पाळायला नव्हे, सांभाळायला. निवाऱ्यात जागा पुरत नाही, तेव्हा तिथली आजारी, टाके घातलेली, आई नसलेली पिल्लं कुणीतरी काही दिवस घरी ठेवून घ्यायची, बरी करायची आणि चांगलं घर बघून द्यायची. याला हल्लीची मुलं फॉस्टर करणं म्हणतात. नाना 'तात्पुरता कार्यभार' म्हणतात.

कार्यभार आला म्हणजे नोंदवही आली. लांबट, लाल बांधणीची, तहसील कचेरीबाहेरच्या दुकानात मिळते तसली. रकाने हातानं आखलेले : आवक क्रमांक, दिनांक, कोठून आले, वर्णन, विषय, केलेली कार्यवाही, जावक, शेरा. 'विषय' या रकान्यात मी स्वतः वाचलेलं आहे, 'मागील उजवा पाय नसणेबाबत.' त्याखाली 'अंगभर गोचीड असणेबाबत.' त्याखाली 'मालकाने पुलाखाली सोडून जाणेबाबत.'

नावंही त्याच शाखेतली. बाकीचे लोक मैदानात ब्रूनो, सिम्बा, कोको अशा हाका मारतात. नाना हातात पट्टा घेऊन ओरडतात, "स्मरणपत्र, इकडे ये!" हे स्मरणपत्र दर पाच मिनिटांनी भुंकतं, म्हणून स्मरणपत्र. एक हंगामी नावाची कुत्री होती. ती शेवटी नानांकडेच राहिली, तेव्हा तिला 'सेवेत कायम' केल्याचा कागद त्यांनी खरोखर टाइप करून घेतला.

वहीपेक्षा भयंकर गोष्ट म्हणजे पोच. पोच घेतल्याशिवाय नाना कुणाला काही देत नाहीत. नसबंदीसाठी महापालिकेची गाडी येते. कुत्री धरायची, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि जिथून उचलली तिथेच आणून सोडायची, असा तो शिरस्ता. नानांचा शिरस्त्यावर विश्वास आहे, गाडीवर नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत गाडीवाला जाळं काढायच्या आधी खिशातलं पेन काढतो. 'एक मादी, तपकिरी, अर्धी शेपूट, स्वभाव संशयी, स्वीकारली.' खाली सही. एकदा परत आलेली कुत्री भलतीच निघाली. नानांनी ती 'चुकीच्या पत्त्यावर आलेले टपाल' म्हणून घ्यायला नकार दिला आणि आपली येईपर्यंत गाडीसमोर खुर्ची टाकून बसले. तासाभरात अर्धी शेपूट हजर झाली. नानांनी कान तपासला, पोचेवर 'परत प्राप्त' लिहिलं आणि मगच खुर्ची उचलली.

नानांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, घर शाकाहारी. एका अशक्त कुत्र्याला डॉक्टरांनी उकडलेली कोंबडी सांगितली, तेव्हा नानांनी काकूंकडे रीतसर अर्ज केला, 'गॅलरीत स्वतंत्र शेगडी ठेवणेबाबत.' काकूंनी खाली ना हरकत लिहिली आणि अटी घातल्या : भांडी स्वतः घासावीत, माझ्या कुकरला हात लावू नये, सोमवारी काही शिजवू नये. तो कागद अजून त्यांच्या फ्रिजवर लटकतो आहे. याच काकू मला एकदा म्हणाल्या, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत यांना रजा मंजूर झाली नव्हती. हंगामीच्या वेळी मात्र त्रेसष्ट दिवस कॅलेंडरवर रोज फुली मारत होते."

सोसायटीत कुत्र्यांचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळी हाकला. दुसरा त्यांना 'बेबी' म्हणतो. दोन्ही पक्षांना नाना सारखेच नकोसे आहेत.

गेल्या वार्षिक सभेत चेअरमनांनी ठराव मांडला, 'आवारातील सर्व कुत्री तत्काळ हलवावीत.' टाळ्या पडल्या. नाना उठले. हातात प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३. त्यांनी नियम २० वाचायला घेतला. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा सोसायटीनंच ठरवून द्यायची आहे, ती जिने, प्रवेशद्वार आणि मुलांची खेळायची जागा यांपासून दूर हवी, वेळ ठरलेली हवी, खाणं झाल्यावर जागा स्वच्छ हवी. कुणी ऐकेना. तेव्हा नाना चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "ठरावात 'सर्व' असा शब्द आहे. चेअरमनसाहेबांच्या मागची चार धरायची की वगळायची, एवढं इतिवृत्तात येऊ द्या."

सगळ्यांनी मागे पाहिलं. ऑफिसच्या भिंतीवर दत्ताची तसबीर आहे. दर गुरुवारी तिला हार चेअरमनच घालतात.

ठराव पुढच्या सभेवर गेला आणि खाऊची जागा पंपघरामागे ठरली. सी विंगमधली एक मुलगी लिफ्टपाशी बिस्किटं टाकायची. तिला वाटलं, नाना आपल्या बाजूचे. ती आनंदानं पुढे आली, तर नानांनी तिलाच धरलं. "जागा चुकीची, वेळ नाही, बिस्किटातली साखर त्यांना नको. नसबंदी केलीत का? मग दर वर्षी सहा-सहा पिल्लं जन्माला येतात त्यांच्या वाटची बिस्किटं कोण आणणार?" मुलगी रडवेली झाली. नानांच्या तावडीतून संतही सुटत नाहीत. सप्ताहात कीर्तनकारबुवांनी नामदेवांची गोष्ट रंगवली होती. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. सगळ्यांचे डोळे भरून आले होते. नाना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तूप ठीक आहे हो. पण कोरडी भाकरी कुत्र्याला पचते तरी का, हे बघायला नको?"

आणि तरी, वॉचमनच्या मुलाला गल्लीतलं कुत्रं चावलं तेव्हा 'बेबी'वाले म्हणत होते की त्यानंच दगड मारला असणार, 'हाकला'वाले मोबाइलवर रक्ताचे फोटो काढत होते. पोराला उचलून नळाखाली धरलं ते नानांनी. कपड्याचा साबण, वाहतं पाणी आणि मनगटावरचं घड्याळ. पोरगं बोंबलत होतं, त्याची आई "पुरे हो, पुरे" म्हणत होती, आणि नाना मोजत होते. "पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा. आत्ता कुठे नऊ झालीत." मग रिक्षा, महापालिकेचा दवाखाना, पहिली सुई. परत येताना पुढच्या सुयांच्या तारखा त्यांनी पोराच्या शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिल्या, आणि प्रत्येक तारखेला सकाळी आठला वॉचमनच्या खोलीचं दार वाजवलं. त्या कुत्र्यालाही त्यांनी निवाऱ्यात निरीक्षणाखाली ठेवायला लावलं. वहीत विषय : 'चावणेबाबत.'

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तर त्यांनी वात आणला. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीबद्दलचा आदेश आला, रस्त्यावरची सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण करून मूळ जागी सोडा, रेबीजची किंवा आक्रमक असतील ती सोडू नका, रस्त्यात कुठेही खाऊ घालू नका, त्यासाठी जागा नेमा. मधले अकरा दिवस आमच्या ग्रुपवर महाभारत. कुणी मेणबत्त्या पेटवत होतं, कुणी फटाके. दोन्ही आदेश पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस इमारतीत एकच होता, आणि तो प्रत्येकाच्या मेसेजखाली परिच्छेद क्रमांक टाकत होता. न्यायालयात आलेल्या श्वानप्रेमींनी प्रत्येकी २५ हजार आणि संस्थांनी २ लाख भरावेत, असंही त्या दुसऱ्या आदेशात होतं. प्रेमी मंडळी खवळली. नानांना मात्र ते कलम फारच आवडलं. "अनामत असावीच," ते म्हणाले. "फुकटची माया फार झाली."

त्याच सुमारास त्यांनी मला १८३२ सालची गोष्ट ऐकवली. मुंबईत कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, मारणाऱ्यांना बक्षीस लावलं. बक्षिसापायी ते घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले, आणि पारशांनी फोर्टात दंगल केली. मला वाटलं, आता नाना भूतदयेवर येणार. छे! "मेलेल्या कुत्र्यावर बक्षीस लावलं की आकडे फुगणारच. मूळ चूक हिशेबाची."

कुत्रं मागायला येणाऱ्यांची मला खरी कीव येते. मुलाखत नवरा-बायको दोघांची, सोबत मुलं, शक्य असल्यास सासूबाई. "दोघंही कामाला जाता. मग दिवसा प्रभारी कोण?" भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं पत्र. एक गृहस्थ गाडी भरून फुगे घेऊन आले होते, लेकीला वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं म्हणून. नानांनी अर्जावर तिथल्या तिथे शेरा मारला, 'नामंजूर. प्राणी ही भेटवस्तू नव्हे.' आणि त्या शेऱ्याची पोच घेतली. गृहस्थ बिचारे हातात फुगे घेऊन सही करत होते.

नानांबद्दल मी इथवर जे लिहिलं ते सगळं मनापासून लिहिलं आहे. हा माणूस छळतो. पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती वही काही दिवस माझ्याकडे होती, अर्थात पोच देऊन. रात्री सहज चाळायला घेतली. जी कुत्री गेली, त्यांच्या जावक रकान्यात तांबड्या शाईनं दोनच अक्षरं आहेत, 'द. दा.' दप्तरी दाखल. प्रकरण संपलं की कचेरीत फायलीवर लिहितात तेच. एका पानावर पार्व्होची पिल्लं होती, आवक एकाच दिवशीची, एका खोक्यातून आलेली. ओळीनं पाच 'द. दा.' शेऱ्यात बारीक अक्षरात वेळा : 'रात्री १.१०. सलाइन चालू होते.' 'पहाटे ३.४०. अंग गार पडू लागल्याने छातीशी धरले. उपयोग झाला नाही.' 'पहाटे ४.२५. आवाज दिला, शेपूट हलवली.' यात कुठेही वाईट वाटल्याचा शब्द नाही. नानांच्या शाखेत त्याला रकानाच नाही. त्या आठवड्यात मी त्यांना जिन्यात टाळलं होतं, कारण त्यांच्या अंगाला फिनेलचा वास येत होता.

सहावं पिल्लू जगलं. ते आता चेअरमनांच्या घरी आहे. हो, त्याच चेअरमनांच्या. त्यांच्या सूनबाईंनी अर्ज केला होता, सासूबाई मुलाखतीला आल्या होत्या. नानांनी तीनदा गृहभेट दिली, एकदा न सांगता.

सध्या नानांकडे प्रलंबित नावाचा कुत्रा आहे. नर, वय आठ-नऊ, डावा डोळा अधू. विषय : 'मालक परदेशी जाणेबाबत.' नसबंदी झालेली, लसी पूर्ण, माणसांची सवय आहे, लिफ्टला घाबरतो. वयामुळे त्याला कुणी नेत नाही. सगळ्यांना पिल्लू हवं असतं. तळमजल्यावर राहत असाल आणि दिवसा घरी कुणी असेल, तर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत या. घरातली सगळी माणसं आणा, लाइट बिलाची झेरॉक्स आणा. अर्ज नानांकडे मिळेल.